उपेग मोजणारे दिगूकाका

दिगूकाका मयेकर कुठल्याही ऑफिसात शिरले की साहेबाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या कॉम्प्युटरचा की-बोर्ड उचलतात, उलटा धरतात आणि टेबलावर आपटतात. साहेब नवा असला तर दचकून उठतो. जुना असला तर मुकाट्यानं चहा सांगतो. की-बोर्डातून जे काही पडेल ते दिगूकाका बोटानं पसरून बघतात. बिस्किटाचा चुरा निघाला, केस निघाले, अक्षरं झिजलेली दिसली की त्यांचा चेहरा उजळतो. "वापरतत हो," असं ते सोबतच्या माणसाला सांगतात. नुसती धूळ पडली तर की-बोर्ड हळूच जागेवर ठेवतात, रुमालाला हात पुसतात आणि साहेबाकडे अशा नजरेनं बघतात की जणू त्याच्या घरात कोणी आजारी आहे. एका ऑफिसात, नाव मी सांगणार नाही कारण मला तिथे अजून कामं असतात, की-बोर्डातून पालीचं अंडं पडलं. दिगूकाकांनी ते नीट निरखलं आणि म्हणाले, "चला, एकाक तरी उपेग झालो."

हे गृहस्थ माझे शेजारी. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये फक्त दगडांचा एक गडगा आहे, आणि तोही कमरेएवढाच, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येतं आणि माझा स्वयंपाक त्यांना वासावरून कळतो. आमची वाडी मालवणहून तारकर्लीकडे जाताना वाटेत लागते. दिगूकाका जन्मले इथेच, पण सगळी नोकरी मुंबईत, एका मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात झाली. तिथे इतर लोक नवनव्या सिस्टीमी बनवायचे आणि दिगूकाका मागाहून जाऊन त्या यशस्वी झाल्या की नाही ते तपासायचे. "म्हणान माका कोणी डबो खाऊक बोलवी नाय," असं तेच सांगतात. रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन गावी आले. कंपनीनं त्यांना सोडलं, पण त्यांनी तपासणं सोडलं नाही.

त्यांचे प्रश्न तीन. चालता काय? वापरतत काय? उपेग कोणाक झालो? पहिल्या दोन प्रश्नांना माणसं पटापट उत्तरं देतात. तिसऱ्याला अडखळतात, आणि माणूस अडखळला की दिगूकाकांना फार बरं वाटतं. ते मग त्याच्या समोर खुर्ची ओढून बसतात.

उद्घाटनाला ते कधी जात नाहीत. ग्रामपंचायतीत नवीन मशीन येवो, शाळेत कॉम्प्युटर येवोत, कोणाच्या घरी मिक्सर येवो. पेढे वाटून होतात, हार सुकतात, सगळे विसरून जातात, आणि मग एक दिवस दिगूकाका दारात उभे. "चालता ता दिसता," अशी सुरुवात. आमच्याकडे फ्रीज आला तेव्हाही असंच झालं. चांगले सहाएक महिने उलटल्यावर आले, दार उघडून आत डोकावले, वरच्या कप्प्यात सासूबाईंनी ठेवलेली ठेवणीतली साडी बघितली आणि सासूबाईंना विचारलं की पूर्वी बर्फ कुठून आणायचात. पूर्वी बर्फ पलीकडच्या माईंकडून यायचा. बर्फ घ्यायला गेलं की तासभर गजाली व्हायच्या. आता बर्फ घरचा, त्यामुळे माईंकडे जाणं झालंच नव्हतं. दिगूकाकांनी फ्रीजचं दार लावलं. "फ्रीज यशस्वी," ते म्हणाले, "पण दोघींचा बोलणा बंद पडला, ता खयच्या रकान्यात घालू, ह्यां माका कंपनीतय कळला नाय." सासूबाई दुसऱ्याच दिवशी काही कारण नसताना माईंकडे गेल्या.

सुमतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्या होत्या तेव्हा काकांच्या या वेडाला थोडा लगाम होता. कोणाच्या घरी जेवायला गेले आणि काकांनी "ह्या जेवणाचा यश कसां मोजूचां" असं सुरू केलं की काकू ताटाखालून त्यांचा पाय दाबायच्या. मुलगी लग्न होऊन बंगळूरला असते. आठवड्याला फोन करते, दिगूकाका तिला तिच्या ऑफिसातल्या सिस्टीमीचे तीन प्रश्न विचारतात, ती बिचारी उत्तरं देते आणि फोन ठेवते.

आता माझं सांगते. मी आमच्या मच्छीमार सोसायटीत कारकून आहे. माझा नवरा रमाकांत होडी घेऊन समुद्रात जातो. एकाच घरात एक माणूस मासे पकडतो आणि दुसरं माणूस त्याचे कागद करतं, अशी आमची वाटणी. दिगूकाका सोसायटीच्या कमिटीवर आहेत. निवडून आलेले नाहीत. एकदा आमचा की-बोर्ड आपटायला आले आणि तिथेच राहिले.

मागच्या एका हंगामात रमाकांतच्या होडीचं इंजिन बंद पडलं. फोनला रेंज नाही. तो सकाळी निघालेला, दुपार झाली, ऊन उतरलं तरी पत्ता नाही. बाकीच्या होड्या शोधायला निघाल्या, पण कुठे शोधणार? तो निवतीच्या अंगाला गेला की आचऱ्याच्या, हे किनाऱ्यावर एकालाही माहीत नव्हतं. मला बायको असून माहीत नव्हतं. होड्या दक्षिणेला गेल्या आणि हा वाहत वाहत उत्तरेला, मिठबावच्या किनाऱ्याला लागला. मी दिवसभर रेतीत बसून होते. सासूबाई देवासमोर गाऱ्हाणं घालत होत्या. संध्याकाळी तो ओल्या कपड्यांत, हातात मासळीची पिशवी घेऊन गाडीतून उतरला, तेव्हा मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी दिगूकाका माझ्याजवळ रेतीत बसले होते. धीराचं एक अक्षर बोलले नाहीत, कारण ते त्यांना जमत नाही. फक्त मधून मधून विचारत होते, "निघताना कोणाक सांगान गेलो?" कोणालाच नाही, असं मी परत परत सांगत होते.

त्यातून ती सिस्टीम निघाली. दिगूकाकांनी माझ्या टेबलावर बसून कागदावर आखली आणि कुडाळच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं ती मोबाइलवर चढवली. होडी काढायच्या आधी मालकानं मोबाइलवर कुठे जाणार, होडीचं नाव आणि माणसं किती ते भरायचं. परत आलं की 'पोचलो' हे बटण दाबायचं. सगळं सोसायटीच्या कॉम्प्युटरवर दिसणार. म्हणजे पुन्हा कोणाची होडी परत आली नाही तर निदान कुठे शोधायचं ते कळेल. साधी गोष्ट. माझा त्या सिस्टीमीवर जीव होता, का ते सांगायला नको.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, नारळ वाहून झाले, होड्या पाण्यात गेल्या आणि सिस्टीम सुरू झाली. आणि काय सांगू, भरून वाहू लागली. एकही होडी चुकेना. कोण, किती, कुठे, सगळं भरलेलं. आमचे चेअरमन आबा एवढे खूश झाले की येईल त्याला माझ्या टेबलापाशी आणून स्क्रीन दाखवायचे. "शंभर टक्के," असं म्हणायचे आणि मीच शंभर टक्के असल्यासारखं माझ्याकडे बघायचे. ओरोसला जिल्ह्याच्या ऑफिसात बातमी पोचली. तिथल्या मॅडमचा निरोप आला की आम्ही बघायला येतो, चांगली असेल तर बाकीच्या गावांतही नेऊ. आबांनी शाल आणून ठेवली. आबांच्या कपाटात एक शाल कायम असते, पण ही नवी होती.

सगळे आनंदात आणि एकटे दिगूकाका आजारी पडल्यासारखे. "गो शुभा, एकव कसो विसरना नाय?" असं ते मला विचारत. मी म्हटलं, काका, लोकांना पटलंय म्हणून भरतात. "लोकांका पटला तरी लोक विसरतत. माका माझ्या लग्नाची तारीख पटलेली आसा, तरी विसरंय मां."

एवढ्यावर थांबते तर ते दिगूकाका कसले. मॅडम यायच्या आधी एक दिवस ते पहाटे किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले. मी रमाकांतचा डबा घेऊन मागून जात होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं. चार माणसं होडी लोटत होती. मोबाइल कोणाच्याच हातात नव्हता. दिगूकाका पुढे गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "रमाकांता, आज खंय जातलस?"

होडी होती तिथे थांबली. एकानं हातातलं वल्हं खाली ठेवलं. रमाकांतनं काकांकडे असं बघितलं की मी डबा घट्ट धरला.

"काका," तो म्हणाला, "तुमी आमच्याच वाडीतले मां?"

आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. बाजाराला निघालेल्यालासुद्धा नाही, मग समुद्रात निघालेल्याला तर विचारूच नये. विचारलं की काम फिसकटतं. मग घरी परतायचं, घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा निघायचं. रमाकांत परतला, बसला, पाणी प्यायला, पण मनातून काही जाईना म्हणून त्या दिवशी गेलाच नाही. दिवसभर घरात बसून माझ्या आमटीत मीठ किती पडतं ते बघत राहिला. मला दिगूकाकांचा असा राग आला की गडग्यापलीकडे मी संध्याकाळपर्यंत बघितलं नाही.

दिगूकाका मात्र रेतीतच बसून राहिले होते. एकेक होडी परत आली, माणसं उतरली, मासळी काढली, जाळी झटकली आणि मग सावलीत बसून, विडीकाडी करता करता, सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले आणि सकाळी कुठे गेलो होतो ते भरलं. लगेच खालचं 'पोचलो' दाबलं. एकदम चोख, एकाही अक्षराची चूक नाही. सकाळी त्या पडद्यावर पहिलाच प्रश्न मोठ्या अक्षरांत 'कुठे जाणार?' असा होता, आणि निघताना तो पडदा उघडायची कोणाची छाती नव्हती. पण सोसायटीचं काम आहे, शुभा वहिनीला त्रास नको, म्हणून परत आल्यावर सगळे मनापासून भरत होते. मीही यादी दिवस संपल्यावरच बघायचे, म्हणून ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी काका गडग्यापाशी आले. "प्रश्न मी लिवलंय," ते म्हणाले. "मुंबैत इतकी वर्सां काढलंय की ह्यां माझ्या डोक्यातच इला नाय." माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. आबांनी आकडे दाखवले, मॅडमनी मान डोलवली, फोटो झाले. मग आबा म्हणाले, "दिगंबरा, दोन शब्द बोल."

दिगूकाका उठले. ऑफिसातली भाषा आली की ते एकदम पुस्तकातल्यासारखं बोलतात. "मॅडम, सिस्टीम चालते. सगळे वापरतात. कोणाचीही तक्रार नाही. आणि तिचा उपयोग काहीही नाही."

आबांच्या हातात शाल तशीच राहिली.

"यात फक्त परत आलेल्या होड्या आहेत," काका म्हणाले. "जी परत येणार नाही ती यात दिसणारच नाही. आणि आम्ही ही केली ती तिच्यासाठी."

मॅडमनी विचारलं, चूक कुठे झाली. काकांनी सांगितलं, माझी झाली, पहिला प्रश्न मी घातला. मग सगळी हकिगत सांगितली. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, दुरुस्त करा आणि पुन्हा बोलवा, मी येईन. आबांना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी शाल मॅडमच्या खांद्यावर घातली. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता. सगळे टाळ्या वाजवायला तयार असताना आपलंच काम फुकट गेलं असं सांगायला किती छाती लागते, ते मी त्या दिवशी बघितलं.

पण दुरुस्ती होईना. काकांनी 'कुठे' काढून 'दिशा निवडा' असं घातलं. मच्छीमार काही खुळे नाहीत. "दिशा म्हणजे खंयच मां?" म्हणून त्यांनी पडदा मिटला. मग काकांनी जागांना आकडे दिले. मग चित्रं दिली. कशालाच कोणी हात लावेना, आणि आता तर परत आल्यावर भरणंही थांबलं, कारण दिगूकाकांना ते आवडत नाही असं सगळ्यांना कळलं होतं. शंभर टक्क्यांची सिस्टीम शून्यावर आली. आबा माझ्या टेबलाकडे फिरकायचे बंद झाले. दिगूकाका पडवीत बसून असायचे. त्या दिवसांत ते सोसायटीत आले तरी की-बोर्डाला हात लावत नसत, आणि तेच मला जास्त लागायचं.

एका पहाटे रमाकांत निघाला आणि मी नेहमीसारखी दारातून म्हटलं, "जेवूक येतलस मां?"

"येतलंय तर," तो म्हणाला. "निवतीच्या अंगाक जाऊन येतंय. दुपारचा जेवाण घराकच."

गडग्यापलीकडे काहीतरी आपटलं. काकांचा तांब्या होता. "गो शुभा," ते ओरडले, "ह्यां इचारलेला चलता?"

"कित्याक नाय चलणार? तो येतलो म्हणानच इचारतंय मां."

"आणि तेना खंय जातंय ता पण सांगल्यान. कोणी न इचारता." एवढं म्हणून ते एका पायात चप्पल घालून कुडाळला फोन करायला आत पळाले.

आता सिस्टीमीत 'कुठे' हा शब्दच नाही. वर एकच प्रश्न, तोही आपल्या भाषेत: जेवूक कधी येतलस? न्याहारी, दुपार, रात, यातलं एक दाबायचं. खाली एक मोकळा चौकोन आहे, त्याला नाव नाही, प्रश्न नाही. त्यात कोणी काही लिहिलं तर लिहिलं. आणि सगळे लिहितात. निवतीच्या बाजूक, आचऱ्याच्या फुडे, खडपाजवळ. निघायच्या आधी, होडीला हात लावून. जेवणाची वेळ टळली आणि 'पोचलंय' दाबलं गेलं नाही, तर सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप जातो.

पहिले काही दिवस त्या निरोपांनी धमाल केली. माणूस किनाऱ्यावर पोचून गजाली मारत बसायचा आणि इकडे अख्ख्या वाडीला कळायचं की अमक्याचं जेवण वाट बघतंय. आता पुरुष वेळेवर घरी येतात. वाडीतल्या बायकांना विचाराल तर ही सिस्टीम त्याच दिवशी यशस्वी झाली.

मॅडम पुन्हा आल्या, आबांनी कपाटातली जुनी शाल काढली, पण दिगूकाका आले नाहीत. उद्घाटन म्हटलं की ते येत नाहीत, हे एक. शिवाय त्यांचं समाधान झालं नव्हतं. मी म्हटलं, काका, आता तरी उपयोग आहे म्हणा. "अजून कळूचां आसा," ते म्हणाले. "एक तरी होडी चुकूक व्हयी, तेव्हा कळतलां. आणि चुकूक तर नको." असं त्यांचं मधल्यामधे अडकलं होतं.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसणार एवढ्यात माझा मोबाइल वाजला. होडी परत आलेली नाही. माझा नवरा समोर पाटावर बसलेला, तरी मी ताट तसंच टाकून उठले. आम्ही दोघं किनाऱ्यावर धावलो. तिथे आबा आधीच बॅटरी घेऊन फिरत होते, आणखी माणसं येत होती. सगळ्या होड्या रेतीवर ओढलेल्या. एकही कमी नाही. आबांनी पुन्हा एकदा सगळ्या बघितल्या.

"मगे चुकली खयची?" रमाकांत म्हणाला.

मी मोबाइल नीट उघडला. होडीचं नाव होतं, एस.टी. माणसं, एक. जेवायला परत, रात. खालच्या मोकळ्या चौकोनात लिहिलं होतं, 'ओरोसाक, डोळे दाखवूक.'

मी मोबाइल आबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि पुढच्याकडे दिला. कोणीही हसलं नाही. वाडीत परतून बघितलं तर काकांच्या घराला कुलूप होतं आणि पडवीत दिवा नव्हता. रोज गडग्यापलीकडे दिवा असतो, आणि तो नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. फोन लावला तर वाजत राहिला. आबांनी टेम्पो काढला, रमाकांतनं मोटरसायकल काढली, आणि बसेल तेवढी माणसं बसून आम्ही मालवणला निघालो.

दिगूकाका मालवणच्या स्टँडवर एका बाकावर बसले होते. मांडीवर पिशवी. ओरोसच्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यानं सगळं धूसर दिसत होतं. मालवणपर्यंतच्या गाडीत कोणीतरी बसवून दिलं. पण इथे उतरल्यावर गाड्यांच्या पाट्या वाचता येईनात. जगाला प्रश्न विचारणारा हा माणूस, पण 'ही गाडी कुठली' एवढं कोणाला विचारायला त्यांची जीभ रेटेना. गाड्या आल्या तशा गेल्या. मोबाइल दवाखान्यात त्यांनी आवाज बंद करून पिशवीत ठेवला होता.

आम्ही जवळ गेलो तर त्यांना नुसत्या आकृत्या दिसत होत्या. "कोण?" त्यांनी विचारलं.

"मी रमाकांत." "मी आबा." "मी शुभा, काका." मागून आणखी नावं येत राहिली. काका मान फिरवून एकेका आवाजाकडे बघत होते.

"चाचणी होती," ते म्हणाले. "म्हटला, बघूया चलता काय." मग घसा खाकरून नेहमीच्या सुरात विचारू लागले, निरोप पहिला कोणाला मिळाला, निघायला वेळ किती लागला, किती जण आले. मधेच थांबले. "इतके जण कित्याक इलात?"

"होडी परत इली नाय," आबा म्हणाले. "मगे जाऊचां नाय?"

काकांनी रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. डोळ्यांत औषध घातलंय, पाणी येतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना दोनदा सांगितलं.

त्या रात्री ते आमच्याकडे जेवले. रमाकांतनं त्यांच्या ताटात बांगडा काटे काढून वाढला, कारण त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. मी विचारलं, काका, आम्हाला सांगून जायचं ना. ते भात कालवत राहिले. "सुमती आसताना ती इचारी," ते म्हणाले. "ती गेल्यार घरातसून भायर पडताना कोणाक सांगूचां, ह्याच माका कळना नाय. कुलूप लावन तसोच दारात उभो ऱ्हवतंय. म्हणान सिस्टीमीत लिवन जातंय. बाजाराक गेलंय तरी लिवतंय." सासूबाई उठल्या आणि त्यांना आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोसायटीत आले. डोळे बरे झाले होते. माझ्यासमोर उभे राहून, पुस्तकातल्या भाषेत, अगदी कमिटीचे सभासद म्हणून बोलले. "शुभाताई, त्या यादीतून माझं नाव काढा. होडी नसलेल्या माणसाचं नाव होड्यांत असलं की आकडे बिघडतात. उद्या मॅडमनी विचारलं तर काय सांगणार?"

मी म्हटलं, "काका, नाव काढायची सोय यात नाही."

सोय आहे. उजव्या कोपऱ्यात लाल बटण आहे, आणि ते कुठे असावं हे याच टेबलावर बसून त्यांनी स्वतः आखलं होतं. त्यांनी चष्मा लावला, वाकून त्या कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"नाय?" ते म्हणाले. "मगे ऱ्हवांदे." आणि खुर्ची ओढून बसले.